साठ दिवसांची मुदत

हिंदी पेपरात, पान नऊ,
हरवलेल्या पासबुकाच्या खाली
आणि प्लॉट विकणे आहेच्या वर
तुझा फोटो आला, नानसिंग.
वय अंदाजे पाच. उंची तीन फूट चार इंच.
डाव्या भुवईवर व्रण. अंगात हिरवा स्वेटर.
आईवडील मयत. कोणी नातलग असल्यास
साठ दिवसांत समितीसमोर हजर व्हावे.

त्याच दुपारी रामबागेत
मॅडम तुला माझ्या दारी घेऊन आल्या.
तीन ठिकाणी सही घेतली,
जाताना म्हणाल्या, ताई, लळा जपून लावा.
लळा काय मीठ आहे,
चवीपुरता घालायला?

तू पोहे खाल्लेस,
वरची शेव तेवढी वेचून खिशात ठेवलीस.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून कडी वाजली की
दोघंही दचकतो आपण:
तू, कुणी आलं असेल म्हणून.
मीही, तेवढ्याचसाठी.

आज एकोणसाठावा.
चौकटीला पाठ टेकवून तुला मोजलं.
अर्धा इंच वाढलायस.
स्वेटर मनगटापाशी आखूड पडतोय.
पेपरातला तो मुलगा
आता तंतोतंत कुठंच नाही.

रेघ मात्र पेन्सिलीनं ओढलीय,
फिकी,
पुसता येईल इतपत.