केरबानानांची म्हैस

राजारामपुरीत, कॉफीच्या दुकानाच्या माडीवर,
भाच्यानं तिकीट काढून नेलं. तीनशे रुपये, कॉफी वेगळी.
पोरगं चांगलं होतं. शार्दूल का कायतरी.
उंच स्टूल, पाण्याची बाटली,
तळहातावर पेनानं लिहिलेली यादी.
पुढच्या जोडप्याला म्हणालं, लग्न झालंय, का अजून सुखात हाय?
हसलो मी. खोटं कशाला बोलू.
दर वीस सेकंदाला हसलो.
कटात फरसाण बुडायच्या आत
वाढपी दुसरी मूठ टाकतो, तसं टाकत होतं ते.
मध्येच कुणी खोकलं,
तर पोरगं दचकून तळहात बघायचं.

केरबानाना खोकल्याला थांबायचे.
"होऊ दे तुझं," म्हणायचे.
तालमीच्या कट्ट्यावर, गणपतीतली सहावी रात्र,
मांडीशी पानाचा डबा.
"तर म्हैस पतपेढीचा जिना चढली."
आणि अडकित्ता उघडायचे.
कट्.
दीडशे माणूस त्या सुपारीकडं बघत बसलेलं.
"आता जिना केला कुणी? पांडबा सुतारानं.
पांडबा डाव्या डोळ्यानं माप घ्यायचा,
उजवा उधारीवाल्यांवर ठेवायचा."
मग पांडबाचं लगीन. लग्नात रुसलेला मेव्हणा.
मेव्हण्याची सायकल. तिला ब्रेक नव्हता.
का नव्हता, तर त्याचं असं झालं...
कट्.
म्हैस वर. मॅनेजरच्या टेबलाशी,
खातं उघडायला आल्यागत रवंथ करत उभी.

त्यातला विनोद उचलून घरी नेता यायचा नाही.
आईनं एकदा शेजारणीला सांगायला घेतलं,
"पांडबा डाव्या डोळ्यानं..."
आणि एकटीच पदरात तोंड खुपसून हसत राहिली.
शेजारणीचा चहा गार झाला.

पडेल रात्रीही असायच्या.
एका साली मेव्हण्यातच दोन वाजले,
निम्मी तालीम आडवी, घोरणं मंडपाबाहेर.
नाना त्या घोरण्यालाही जागा देत बोलत राहिले.
म्हैस मात्र कधी खाली आली नाही.
"पुढच्या वर्षी," म्हणायचे, डबा मिटत.
असं अकरा वर्षं.
बाराव्या वर्षी कट्टा होता, डबा नव्हता.

परत येताना गंगावेशीत थांबलो.
रस्त्यात म्हशी बांधलेल्या,
गवळी पेल्यात धार काढून देत होता.
भाचा म्हणाला, "मामा, कुठला जोक भारी वाटला?"
मी आठवून बघितलं.
ओठावर दुधाचा फेस होता तेवढाच.
हसलो होतो हे खरं. कशाला, ते तिथंच माडीवर राहिलं.

"ती बघ," मी म्हणालो, "अशीच होती. शिंग जरा वाकडं."
"कोण?"
मग सांगितलं. पतपेढी, जिना, पांडबा.
"बरं, मग उतरवली कशी?"
"सांगतो. पण त्या जिन्याला कठडा का नव्हता,
ते आधी ऐकायला लागंल."

"मामा, उद्या ऑफिस आहे मला," भाचा म्हणाला,
आणि त्यानं गाडी बंद केली.