गुमर्सिंद, वय नमूद नाही

माजिवड्याच्या सातबाऱ्यावर गुमरसिंग.
रेशनच्या जुन्या कार्डावर गोमाजी सिंद.
आणि मृत्यूच्या नोंदीत, आमच्याच कचेरीच्या वळणदार अक्षरात,
घुमर सिंह.
कागद बघून वाटावं, तीन माणसं गेली.
"एकच गेला," ऑल्विन मिस्किटा म्हणाले. "माझा आजा.
आणि सिंह वगैरे काही नव्हता हो बाई,
खाडीच्या मिठागरावर मुकादम होता."

बाप्तिस्म्याच्या वहीची झेरॉक्स काचेखालून सरकली.
कोण्या पाद्र्याने टाक बुडवून बुडवून लिहिलेलं: गुमर्सिंदो.
शेवटचा ओ पुढे ठाण्याच्या दमट हवेत
गिलाव्यासारखा गळून पडला असणार.

पोर्तुगीज ना हे? मी विचारलं.
"पोर्तुगीजांचंसुद्धा उसनंच."
शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस,
त्याने अर्जाच्या पाठीवर पेन्सिलीने रेघ मारली,
रेघेच्या अलीकडे लिहिलं गुमा, पलीकडे सिंद.
गुमा म्हणजे माणूस.
सिंद म्हणजे वाट.
गॉथ टोळ्यांची भाषा. रोम मोडकळीला आलं तेव्हा
घोडे, बायका, भांडीकुंडी घेऊन त्या दक्षिणेला उतरल्या,
स्पेनात स्थिरावल्या, आणि भाषा तिथल्या तिथे विरून गेली.
नावं तेवढी उरली,
आमटी संपल्यावर तळाशी आमसुलं उरतात तशी.

म्हणजे वाटसरू, मी म्हटलं.
मला तो अर्थ फार आवडला होता.
त्यांनी मान हलवली. "अर्थ असेलच असं नाही.
एक तुकडा बापाकडचा, एक आईकडचा,
जोडून बघायचे. बसला जोड तर बसला."
माझ्या भावाने हेच केलंय:
ऋत्विकचा ऋ, यामिनीचा या, मुलगी ऋया.
अर्थ विचारला की तो विषय बदलतो.

संगणकात नाव टाकलं.
त्याने आधी विचारलं, गुमानसिंग म्हणायचंय का?
नाही म्हटल्यावर बराच वेळ चक्र फिरलं.
जन्म: शून्य.
मृत्यू: शून्य. एक होता, तो सिंहांत गेला.

"गावात त्याला घुम्या म्हणायचे," ते अचानक म्हणाले.
"घुम्या! जो मीठ मापताना बोलायचा,
झोपेत बोलायचा,
मिस्साला पाद्र्याच्या आधी आमेन म्हणायचा."
हसताना त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा काढला.

मग तुम्ही कुणाला ठेवलं नाहीत?
"नातवाला ठेवा म्हटलं होतं. सून म्हणाली, पोरं चिडवतील.
एथन ठेवलं.
वर्गात चार एथन आहेत."

शपथपत्र, दोन साक्षीदार, फी, पावती.
वय? ते कुणालाच माहीत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
नाव एक. माणूस एक.
टिल्लूबाईंनी दुसरं वाक्य खोडायला लावलं,
त्याची तरतूद नाही म्हणाल्या.

प्रिंटरला मात्र ते झेपेना.
एका स च्या डोक्यावर
वेलांटी, रफार आणि अनुस्वार,
तिघांना उभं राहायला जागा एवढीशी.
पहिल्या प्रतीत रफार म वर जाऊन बसला.
दुसरीत अनुस्वारच आला नाही.
तिसरी प्रत निघाली तेव्हा शिक्क्याची शाई वाळली होती,
मी थुंकी लावून उठवला, कुणी बघत नव्हतं.

मिस्किटांनी कागद लांब धरला, अक्षराखाली बोट ठेवलं,
आणि वाचलं. मोठ्याने. ओ सकट.
रांगेत मागे बाळाला घेऊन उभी असलेली बाई म्हणाली,
"काका, हे कुठले हो?"

"हे?" ते म्हणाले.
"हे माजिवड्याचे."