तुटक रेघ

टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून
मी रस्त्याचा एक तुकडा ठेवला होता.
मशीनने कापून काढलेला, गोल, मनगटाएवढा,
वर काळा, मग करडा, मग पुन्हा काळा,
तळाशी मुरूम, आणि मुरुमात रुतलेला एक चिंचोका.
चिंचेचं झाड कुठे होतं, कधी गेलं,
निविदेत उल्लेख नाही.

निविदेत वरचा थर चाळीस मिलिमीटर.
पट्टी म्हणाली सव्वीस.
ठेकेदाराचा माणूस म्हणाला, मॅडम, पट्टी झिजलीय.
मुकादम कुदळे काहीच म्हणाले नाहीत,
तंबाखू मळत राहिले.
मी मोजमापवहीत आकड्यात लिहिलं : २६.
छत्तीस असते तर चालून गेले असते.
दोनाचा तीन करायला
पेनाचा एक हेलकावा पुरतो,
हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं.

त्याच दुपारी दुसरी फाईल.
विषय : वहिवाटीचा रस्ता अडवल्याबाबत.
अर्जदार : सहादू खुटवड, वय त्र्याहत्तर.
कालव्यापलीकडचं गाव, हद्दीत नुकतंच आलेलं.
गावनकाशावर ओढ्याच्या कडेने दुहेरी तुटक रेघ,
म्हणजे गाडीवाट.
आराखड्यात तिथे नुसता पिवळा रंग.
आणि जागेवर गेट, हिरवळ, बंद कारंजं,
एक पाटी :
'हा रस्ता नाही. तरीही विचारल्यास अपमान होईल.'

खुटवड सायकल हातात धरून आले.
दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, रिकामे,
चालताना एकमेकांशी बोलल्यासारखे वाजणारे.
म्हशी विकून नऊ वर्षं झाली म्हणाले.
मग कॅन कशाला?
'सवय. हात हलके राहिले की तोल जातो.'
आणि पलीकडे काय आहे?
'आता काय नाही. मळा होता, तिथं पार्किंग झालं.'
मग रोज जाता कशाला?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं एखाद्या नवख्या तलाठ्याकडे पाहावं.
'नाही गेलो तर लिहाल,
इथून कोण जात नाही.'

वॉचमन उदगीरकडचा, भला पोरगा.
त्याने छोटं दार उघडलं, रजिस्टर पुढे केलं.
नियम म्हणजे नियम.
नाव, वेळ, कुणाकडे, सही.
मी मागची पानं चाळली.
सहादू खुटवड, सव्वादहा.
सहादू खुटवड, सव्वादहा.
'कुणाकडे'च्या रकान्यात आडवी रेघ.
तीन वर्षं. गेट बसलं त्या दिवसापासून.
एक तुटक रेघ, सोसायटीच्याच वहीत,
सोसायटीच्याच शिक्क्याखाली,
रोज एकेक टिंब पुढे सरकणारी.
मध्ये अकरा दिवस कोरे. विचारलं.
'तुमच्या खड्ड्यात पडलो होतो,' ते म्हणाले.
राग नव्हता. पत्ता सांगावा तसं.
खड्डा कुठला ते मी विचारलं नाही.
तो बुजवल्याचं बिल
माझ्याच टेबलावर अडकलं होतं.

पानांचे फोटो काढले. दुहेरी रेघेची रुंदी
टेप धरून मोजली, टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात.
अकरा फूट. दोन बैलगाड्यांना एकमेकींसाठी
थांबावं लागेल इतकी.

परत येताना माननीयांचा फोन.
गेटचं जरा सबुरीनं घ्या, मॅडम, माणसं राहतात तिथं.
रस्त्याचं बिल मात्र मार्चच्या आत.
मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही.
सिग्नल सुटला होता, मागून हॉर्न वाजत होते.

कार्यालयात शिरले तर पंखा फुल्ल,
कागद खोलीभर.
टेबलावर तुकडा नव्हता.
कुणी नेला, शिपायाला ठाऊक नाही,
सीसीटीव्ही दुरुस्तीला.
कुदळे ओणवे होऊन कागद गोळा करत होते.
त्यांनी मूठ उघडली. चिंचोका.
'एवढंच सांडलं होतं,' म्हणाले.

मी कपाट उघडलं. वही काढली.
पान शोधताना बोटं जरा ओली झाली.
दोन अजून दोनच होता.