मुद्देमाल

रेवतीनं तिकडून, स्पेनमधून, पैसे भरले होते.
दोघांसाठी खास गाडी, खास टेबल,
समजावून सांगायला खास मुलगी.
"बाबा, नाही म्हणू नका. इथं आम्ही रविवारी हेच करतो."

मी एकतीस वर्षं उत्पादन शुल्क खात्यात.
लोक दारूबंदीवाले म्हणत,
आणि हळदीच्या मांडवात माझ्या शेजारची खुर्ची
शेवटपर्यंत रिकामी राही.

आठला बेंडकुळे गाडी घेऊन दारात.
सोमेश्वर मागे पडलं, धरणाचं पाणी उन्हात पत्र्यासारखं,
गिरणाऱ्याकडे द्राक्षांचे मांडव,
घड वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
"रद्दी इथं येते होय!" कुमुद म्हणाली.
तिनं ठेवणीतली साडी नेसली होती,
कुणाचा साखरपुडा असल्यासारखी.

तेजल गांगुर्डे, वय अंदाजे तेवीस, राहणार मखमलाबाद,
हिनं आमच्यापुढे पाच ग्लास मांडले.
मी सवयीनं मनात लिहायला घेतलं:
आज रोजी, सकाळी साडेदहा वाजता, पंचांसमक्ष...
एक पंच कुमुद.
दुसरा, खिडकीतला कावळा.

ग्लास दांडीला धरा. कलता करा. फिरवा.
आता नाक आत घाला.
नाक आत घाला!
अहो, ह्या नाकावर खातं चाललं.
बंद गोठ्याबाहेरून सांगायचो
गूळ किती दिवस सडलाय, नवसागर पडलाय का,
भट्टी आज लागणार की उद्या.
पण 'कशाची आठवण येते'
हे एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
तसा रकाना नव्हता.

पहिल्यात कुमुदला पेरू लागला.
दुसऱ्यात काहीच नाही: "पाणीच आहे. पण चांगलं आहे."
तिसऱ्यात ओलं गवत,
आणि ती एकदम हसली, पदर तोंडाला लावून,
मला वाटतं, सातआठ वर्षांनी.

चौथी लाल.
"ही वेल मूळची स्पेनची. टेंप्रानिओ.
आपल्या दिंडोरीत आधी रुसून बसली होती, आता रुळली."
कुमुदनं ग्लास खाली ठेवला.
"किती वर्षं लागली रुळायला?"
तेजलला वाटलं, माहिती म्हणून विचारताहेत.
"तीनेक," ती म्हणाली.
रेवतीला तिथं पाच झालीत.

मी नाक आत घातलं,
आणि पेठच्या पुढचा तो पाडा.
मार्च, पहाट, झाडाखाली फुलांचा सडा,
हेमली नावाची म्हातारी आणि एक मडकं.
नातीच्या लग्नापुरती काढलेली.
आम्ही ते लाथेनं कलंडलं. किंमत अंदाजे रुपये चाळीस.
मातीनं सगळी पिऊन टाकली.
ती रडली नाही. म्हणाली,
"वततोस तं वत. हुंगून तरी वत, सायेब."
मी हुंगलं नाही.
वास मात्र कपड्यांना लागला, जीपला लागला,
जबाबाच्या कागदाला लागला.

"काय येतंय, सर?"
तेजलच्या हातात चाकासारखा तक्ता:
चेरी, तंबाखू, चामडं, व्हॅनिला.
"मोह," मी म्हणालो.
तिनं तक्ता पुरा फिरवला. नव्हता.
कुमुद माझ्याकडे बघत राहिली. तिला दुसराच अर्थ लागला असावा,
आणि तोही काही चुकीचा नव्हता.

टेबलावर एक बारकी बादली असते.
नको ती वाइन तिच्यात ओतायची, कुणी राग मानत नाही.
मी ग्लास बादलीवर धरला.
सवयीचा हात, ट्रकच्या ट्रक ओतून दिलेला.
कलला नाही.

परतताना बेंडकुळेला विचारलं, गाव कुठलं तुमचं?
"पेठच्या अलीकडं, साहेब. का?"
काही नाही, म्हणालो.
मागे सीटवर दोन बाटल्या, शुल्क भरलेल्या, बिलासह,
खड्ड्याखड्ड्याला एकमेकींवर आपटत होत्या.
कुमुदनं मध्ये आपली शाल घातली.