मागे घेताना

पहिली यॉर्कटनच्या डीलरकडे.
बाहेरून नवरीसारखी, आत शिरताच वास:
भिजलेल्या कुत्र्यावर कुणी लव्हेंडर शिंपडावं तसा.
बोहदान म्हणाला, छान आहे.
त्याला सगळंच छान वाटतं; म्हणून तर माझ्याशी लग्न केलं.
मी कोपऱ्यात अंगठा रुतवला.
भिंत पावासारखी आत गेली
आणि परत आलीच नाही.

दुसरीच्या टायरवर चार आकडे: ३४१२.
बारा सालचा चौतिसावा आठवडा, मी म्हटलं.
डीलरच्या पोराला वाटलं, म्हातारीला गाड्यांतलं कळतं.
खरं म्हणजे त्याच आठवड्यात
आमची नादिया दोन सुटकेसी घेऊन हॅलिफॅक्सला गेली
आणि मी शाळेची बस धूत बसले होते,
धुतलेलीच, पुन्हा पुन्हा.
इतकी वर्षं एका जागी उभं राहिलेलं रबर
दिसतं धडधाकट. वाकवून बघा, मग भेगा.
बोहदानने माझ्याकडे पाहिलं.
टायरबद्दल बोलतेय, मी म्हटलं.

बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं तर आधी पाठ तपासावी.
आणि ही काही दानाची गाय नव्हे,
दात मोजायलाच हवेत.
तो वहीत लिहितो: छताचे सांधे. पाण्याचा पंप.
मैल्याची टाकी, झडप गळते का.
मी मनात लिहिते: रात्री कोण कुणाला ओलांडणार.
त्याला तीनदा उठावं लागतं, माझा डावा गुडघा कुरकुरतो.
पलंग तिन्ही बाजूंनी भिंतीला चिकटलेला असला
तर एकेचाळीस वर्षांचा संसार
पहिल्याच मुक्कामाला आटोपेल.

तिसरी फोम लेकच्या पुढे, खडीच्या रस्त्यावर,
हिल्दुर थॉर्स्टाइन्सनच्या अंगणात.
पलीकडे कॅनोला, डोळे दुखतील इतका पिवळा.
नवरा जाऊन दोन वर्षं झाली.
गाडी झाकलेली, उंदीर येऊ नयेत म्हणून
कोपऱ्याकोपऱ्यात साबणाच्या वड्या.
पलंग मधोमध, दोन्हीकडून उतरता येईल असा.
मी तिथेच हो म्हटलं असतं.

कपाटाच्या दाराआड पेन्सिलीच्या नोंदी:
ब्रँडन. वारा.
ड्रमहेलर. पंखा दुरुस्त केला.
रेजायना. हिल्दुर बोलत नाही.
रेजायना. हिल्दुर बोलत नाही.
स्विफ्ट करंट. हिल्दुर बोलली. पाय भाजलेत म्हणाली.

हे पुसायचं का, बोहदानने विचारलं.
तिने कॉफी ओतली.
रंगवलंत तर मला सांगू नका.

किमतीचं नंतर. आधी तिने एवढंच विचारलं:
गाडी मागे घेताना हात कोण दाखवतं?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
मग घेऊन दाखवा, ती म्हणाली,
गोठा आणि डिझेलची टाकी यांच्या मधून.

मी एकतीस वर्षं बस चालवली, मागे पन्नास पोरं किंचाळत.
कुणाच्या हाताकडे बघायची मला सवय नाही.
आरशात बोहदान, कोंबड्या हाकलाव्यात तसे हात.
ये म्हणतोय की जा म्हणतोय?
मी काच खाली केली. मी ओरडले.
तो ओरडला.
मग पत्र्याची बादली ओरडली.

नंतर फक्त कॅनोलातल्या मधमाश्या.
हिल्दुर पायरीवर बसून पोट धरून हसत होती,
डोळे पुसत होती,
आणि पुसणं हसण्यापेक्षा बरंच लांबलं.

तिने आकड्यातून सातशे कमी केले.
बादलीचे पाच डॉलर वेगळे घेतले, रोख.

परतीच्या वाटेवर मी पुढे, आमचं घर चालवत,
तो मागून जुन्या पिकअपमध्ये.
सांज झाली तसे आरशात त्याचे दिवे.
थीओडोरच्या अलीकडे त्याने ते दोनदा मिचकावले.
ये की थांब, कळलं नाही.
मी थांबले.