दोन सुताचे बोल्ट

शटर ओढायच्या वेळेला ती आली,
उद्यमनगरच्या तिसऱ्या गल्लीत.
म्हणाली, बोल्ट पाहिजेत. दोन सुताचे, सव्वीस.
चार स्क्रू, आटे झिजलेले चालतील,
आणि रबराचे तुकडे.
कुठल्या मशीनला?
म्हणाली, पियानोला.

शिलवंत मास्तरांची नाओमी ही.
सात वर्षं शिकागोत. तिकडचंच कुणाचं तरी
उद्या मिशनच्या हॉलमध्ये वाजवणार होती,
तारांत लोखंड खोचून वाजवायचं असलं काहीतरी.
तिकडं म्हणे मोठमोठे वाजवणारे
खिशात बोल्ट घालून फिरतात.
एकाला विमानतळावर दोन तास बसवलेलं,
हे कशाचे पार्ट, ते त्याला सांगता येईना.

मी व्हर्नियर लावून एकेक मापला,
तार कापू नये म्हणून कडेची बर काढली.
पैसे घेतले नाहीत.
खोटं कशाला बोलू, एकशे चाळीस घेतले.

मिशनचा पियानो कुणा मडमेनं बोटीतून आणलेला,
बैलगाडीनं घाट चढलेला.
पट्ट्या पिवळ्या. एक तर नाहीच.
झाकण उघडून ती आत वाकली,
अडलेल्या म्हशीपाशी माझा बाप वाकायचा तशी,
आणि मोजपट्टी धरून बोल्ट बसवत गेली.

मग वाजवायला लागली, आणि पियानो वाजेचना.
म्हणजे पियानोगत वाजेना.
एक पट्टी हलगी झाली,
एक, ओल्या फडक्यात गुंडाळलेली घंटा,
एक नुसतीच खोकली.
बोटं तर अशी, की लेथवर असती
तर मी डोळे झाकून मशीन दिली असती.
शेजारी मिलमधनं रिटायर झालेले आवटी जॉबर.
कानाशी लागून म्हणाले, माग हाय हा.
चार नंबरचा. धोटा अडकला की असाच करायचा.

मध्येच तिनं हात मांडीवर ठेवले.
कुणीतरी टाळी वाजवली, एकटीच, आणि ती विरली.
रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर, त्याचं गाणं,
पंख्याची कुरकुर, आवटींचा दमा.
तेवढं सगळं जाऊ दिलं तिनं,
मग पुढं.
नंतर म्हणाली, ते थांबणंही लिहिलेलंच होतं.

बोल्ट परत आले, धुऊन, रुमालात.
पंचवीस.

आमची सुट्टी सोमवारची.
रविवारी कामावर जाताना मिशनच्या भिंतीपाशी
आत भजन चालू असतं.
एका सुराला काहीतरी किंचित खडखडतं.
मी गाडी न्यूट्रलला टाकतो.