पांढरा कॉम्प्रेसर

रात्री पावणेतीनला झगडेंचा फोन :
मशीन ठोके मारतंय,
आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरंशुभ्र झालंय.
‘थंडी मात्र झकास पडलीय हं, मॅडम.’

बिबवेवाडीहून स्कूटर काढली.
मार्केट यार्डात त्या वेळी कांद्याचे ट्रक
आणि त्यांच्या सावलीत झोपलेली माणसं.
झगडेंच्या कोल्ड रूमच्या दारावर पाटी :
‘दार उघडे ठेवू नये. आतली थंडी विकत घेतलेली आहे.’

आत पुरंदरचे अंजीर, चारशे क्रेट,
उजाडताच हैदराबादला निघायचे.
बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर,
मिठागरातून उठून आल्यासारखा.
शेजारी गरम पाण्याची बादली.
ती पायाने बाजूला सारली.

आधी येऊन गेलेल्या पोरानं गॅस मारला होता.
सगळे आधी गॅसच मारतात.

औंधच्या आयटीआयत आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी,
पण हात शिकला तो भवानी पेठेत, आत्तार मास्तरांकडे.
ते म्हणायचे,
‘कॉम्प्रेसर वाफ पितो, बेटा.
पातळ पाजलंस तर ठसका लागतो.
आणि ठसका लागलेला माणूस
लांबून हसल्यासारखा दिसतो.’

गेज लावलं. पाइपला हात लावला, बोट चिकटलं.
गेज म्हणतं उणे सात.
पाइपही म्हणतो उणे सात.
दोघांत पाच-सहा अंश तरी हवेत,
तेवढ्यातच तर शेवटचा थेंब उकळून जातो.
इथं अंतरच नाही.
म्हणजे न उकळलेलं काही
थेट उतरतंय मशीनच्या घशात.

पंखे फिरत होते. कॉइल स्वच्छ.
जॅकेट घरी राहिलेलं, तशीच आत शिरले.
कॉइलच्या मागे टॉर्च मारला तर
व्हॉल्व्हचा बल्ब, तांब्याचा, करंगळीएवढा,
पाइप सोडून हवेत लोंबकळत.
क्लॅम्प निखळलेला, फोम फाटलेला.

बिचारा. काम एकच त्याला :
पाइपाला बिलगून राहायचं, त्याचा गारवा कळवायचा.
हात सुटला तेव्हापासून खोलीची हवा चाखत
तो वर निरोप धाडत होता :
ऊब आहे अजून, पाठवा, अजून पाठवा.
खोटं बोलत नव्हता.
भलत्याच गोष्टीबद्दल खरं बोलत होता.

आणि तिथंच, त्याच पाइपाला,
सुतळीनं बांधलेली ताकाची बाटली.
अर्धी. तळाशी जिरं बसलेलं.

दाराशी निवृत्ती उभा होता, रात्रपाळीचा हमाल,
टोपी हातात घेऊन.
मागून झगडे : ‘सापडलं का? सापडलं का?’

‘क्लॅम्प सैल झालाय,’ मी म्हटलं. ‘होतं असं, थरथरीनं.’
हेही खोटं नव्हतं.
फारसं.

बाटली सोडवून त्याच्या हातात दिली.
पाइप पुसला, तांबं दिसेस्तोवर घासला,
बल्ब टेकवला, दोन पट्ट्या आवळल्या,
नवा फोम, वरून टेप.
पोरानं जास्तीचा भरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला.
मग बाहेर स्टूल ओढून बसले.
बर्फ आपल्या वेळेनं जातो.
त्याला पाणी ओतून घाई करू नये.

पावणेपाचला ठकठक गेली, नुसती घरघर उरली.
गेज उणे सात, पाइप उणे एक.
कॉम्प्रेसरच्या खांद्यावरून ओल ओघळली,
मग काळा रंग दिसला,
मग कंपनीची पट्टी, नंबरासकट.
झगडेंचा चेहरा उतरला.
‘थंडी गेली का हो?’
दार उघडून काटा दाखवला,
आणि पाटीकडे बघत लगेच लावून घेतलं.

बिल : क्लॅम्प दोन, फोम, टेप, रात्रीचा कॉल.
कॉइलपासून चार हात लांब, रॅकच्या खांबाला
वाकवून बसवलेला तारेचा एक हूक,
तो बिलात नाही.

निवृत्तीनं बाटली त्याला अडकवून बघितली,
हलवून बघितली.
मग काढली, बूच उघडलं, माझ्यापुढे धरली.
पहाटे पाचला इतकं गार ताक.
दात शिवशिवले.